मायकेस : विद्यापीठातील बोलणे शिकवणारा संग्रह, काही महिन्यांच्या वापरानंतर

'मिशिगन कॉर्पस ऑफ अकॅडेमिक स्पोकन इंग्लिश' असे लांबलचक नाव असलेला आणि 'मायकेस' या छोट्या नावाने ओळखला जाणारा, विद्यापीठातील प्रत्यक्ष बोलण्याच्या लेखनाचा ऑनलाइन संग्रह मी गेले काही महिने नियमितपणे वापरत आहे. व्हिसाची वाट पाहत पुण्यात असताना सुरुवात केली आणि आता अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतानाही तो वापर चालू आहे. मराठी माध्यमातून शिकून आयेल्ट्स या परदेशी प्रवेशासाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेत चांगले गुण मिळवलेल्या अनेकांना पडणारा प्रश्न माझ्यापुढेही होता : परीक्षेत नीट बोलता येते, मग वर्गातील चर्चेत तोंड का उघडत नाही?

त्याचे एक कारण परीक्षेच्या रचनेतच आहे. आयेल्ट्सची तोंडी परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते, समोर एकच परीक्षक असतो, आणि मधल्या भागात विषयाचे कार्ड हातात देऊन विचार करण्यासाठी एक मिनिट मिळाले, की पुढे दोन मिनिटांपर्यंत कोणी मध्ये बोलत नाही. सेमिनारमध्ये पाळी कोणी देत नाही, ती आपणच घ्यावी लागते; आपले वाक्य जुळेपर्यंत चर्चा दोन मुद्दे पुढे गेलेली असते. शब्दसंग्रह वाढवून हे सुटेल असे सांगितले जाते, म्हणून मी आधी अॅव्हरिल कॉक्सहेड यांची 570 शब्दकुलांची (म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे) प्रसिद्ध यादी पाठ करत होतो. ती उपयुक्त आहे, परंतु 2000 साली प्रसिद्ध झालेली ही यादी लिखित शैक्षणिक मजकुरावरून तयार केलेली आहे, आणि माझी अडचण लिहिण्याची नव्हती.

मायकेसमध्ये अॅन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठात 1997 ते 2002 या काळात ध्वनिमुद्रित केलेल्या 152 प्रसंगांचे शब्दशः लेखन आहे. एकूण शब्द 18 लाखांहून अधिक भरतात. व्याख्याने तर आहेतच, पण प्रयोगशाळेतील काम, विद्यार्थ्यांचे अभ्यासगट, प्रबंधाची तोंडी परीक्षा, अभ्यासक्रम निवडण्याविषयीचे मार्गदर्शन आणि प्राध्यापकांच्या 'ऑफिस अवर्स'मधील, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी राखून ठेवलेल्या वेळेतील, गाठीभेटीही आहेत. बोलणाऱ्यांची खरी नावे नाहीत, 'एस वन', 'एस टू' अशा खुणा आहेत. प्रसंगाचा प्रकार, विद्याशाखा, बोलणारा विद्यार्थी की प्राध्यापक, संवाद एकतर्फी की देवाणघेवाणीचा, अशा निकषांवर निवड करता येते, आणि एखादा शब्दसमूह शोधला, की तो जिथे-जिथे आला त्या ओळी एकाखाली एक दिसतात. पैसे लागत नाहीत.

सर्वांत मोठा लाभ मला अपेक्षित नसलेल्या ठिकाणी झाला. आपण ज्यांच्या इंग्रजीला वचकून असतो ते प्राध्यापक आणि संशोधक प्रत्यक्षात किती अडखळतात, वाक्य अर्ध्यावर सोडून दुसरे सुरू करतात, 'अम्' आणि 'अह्' म्हणत शब्द शोधतात, हे या लेखनात जसेच्या तसे टिपलेले आहे. व्याकरणशुद्ध पूर्ण वाक्य मनात तयार झाल्याखेरीज बोलायचे नाही, ही आपल्या शाळांनी लावलेली शिस्त येथे आपोआप सैल होते. (शाळांना नावे ठेवण्याचा हेतू नाही, साठ-सत्तर मुलांच्या वर्गात याहून वेगळे काय शिकवता आले असते?) दुसरी गोष्ट मतभेद व्यक्त करण्याची. मराठीत गुरुजनांसमोर न पटलेले बोलायचे तर आपण बहुधा गप्प बसतो. येथील विद्यार्थी गप्प बसत नाहीत आणि थेट खोडूनही काढत नाहीत. 'आय गेस', 'काइंड ऑफ', 'आय वॉज जस्ट वंडरिंग' अशा शब्दांनी धार कमी करून आपला मुद्दा मांडतात. पाठ्यपुस्तकात अशी शब्दयोजना यादीसारखी वाचली होती. ती कोणत्या क्षणी, कोणाशी आणि किती वेळा वापरतात हे संवाद सलग वाचल्यावरच कळले.

केवळ वाचून मात्र जीभ वळत नाही. म्हणून मी ऑफिस अवर्सचा एखादा संवाद निवडून रूममेटसोबत मोठ्याने वाचतो, नंतर कागद बाजूला ठेवून तोच प्रसंग आमच्या विषयावर आमच्या शब्दांत करतो. तो तेलुगू भाषक असल्यामुळे मराठीत घसरण्याची सोयच उरत नाही. टीचिंग असिस्टंटचे, म्हणजे प्राध्यापकांना शिकवण्यात मदत करण्याचे काम मिळवण्यासाठी, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना येथील अनेक विद्यापीठांत बोलण्याची वेगळी चाचणी द्यावी लागते. त्या चाचणीत एखादी संकल्पना समजावून सांगताना मध्येच आलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यायची होती, आणि तेथे हा सराव थेट कामी आला.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. सर्वच प्रसंगांचा ध्वनी ऐकायला मिळत नाही, त्यामुळे उच्चारासाठी हे साधन अपुरे आहे. मराठी बोलताना आपण अक्षरांना जवळपास सारखे वजन देतो, इंग्रजीत एका अक्षरावर जोर देऊन बाकीची दबली जातात, आणि ही सवय कागदावरून लागणे शक्य नाही. त्यासाठी मी मुक्त व्याख्यानांचे व्हिडिओ लावून वक्त्याच्या पाठोपाठ बोलतो. ध्वनिमुद्रण जुने असल्याने ऑनलाइन वर्ग किंवा झूमवरील बैठकीतील बोलणे येथे सापडणार नाही. शिवाय सगळा ऐवज एकाच अमेरिकी विद्यापीठाचा आहे. आपण बोललेले तपासून देणारे यात काहीही नाही, आणि संकेतस्थळाची मांडणी आजच्या अॅपला सरावलेल्या माणसाला कंटाळवाणी वाटेल.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी व्याख्यानांकडे लगेच वळू नये. अभ्यासगट आणि ऑफिस अवर्स यांतील वाक्ये छोटी असतात, पाळी भराभर बदलते आणि विषय न कळला तरी बोलण्याची रीत कळते. ब्रिटनला जाणाऱ्यांसाठी वॉरिक आणि रेडिंग विद्यापीठांत तयार झालेला 'बेस' हा संग्रह अधिक जवळचा ठरेल. त्यात 160 व्याख्याने आणि 40 सेमिनार आहेत, तेव्हा चर्चेत बोलण्याच्या सरावासाठी त्यातील सेमिनार आधी उघडावेत.