एचओ की एन? फ्लॅटमधल्या रेल्वेसाठी माप निवडताना

एचओ आणि एन ही मॉडेल रेल्वेची दोन मापं: एचओ खऱ्या गाडीच्या १:८७, एन १:१६०. कागदावर फरक किरकोळ वाटतो, पण एलएचबी डबा (आपल्या एक्सप्रेस गाड्यांचा नव्या धाटणीचा डबा) साधारण साडेतेवीस मीटरचा धरा. एचओमध्ये तो २७ सेंटिमीटर होतो, एनमध्ये जेमतेम १५. म्हणजे वीस डब्यांची एक्सप्रेस एचओत साडेपाच मीटर; हॉलची भिंत संपते, गार्ड अजून स्वयंपाकघरात! एनमध्ये तीच गाडी तीन मीटरच्या आत बसते, आणि वळणंही निम्म्या जागेत घेते.

तपशील मात्र एचओचाच. बफर, पायऱ्या, इंजिनावरचा नंबर हाताने रंगवता येतो. एनमध्ये तेच काम भिंगाखाली, श्वास रोखून. रुळांवर थोडी धूळ बसली तरी एनचं हलकं इंजिन अडखळतं. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसत राहा. भारतीय इंजिनं-डबेही प्रामुख्याने एचओतच मिळतात.

आपल्या ब्रॉडगेजची एक गोम दोन्हीकडे आहे. १६७६ मिलिमीटरचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) एचओत १९ मिलिमीटरच्या वर हवा, बाजारातला रूळ १६.५चा. गाडी किंचित अरुंद रुळांवर चालते. जाणकार सोडून कुणाला कळत नाही, आणि जाणकार बोलल्याशिवाय राहत नाहीत.

माथेरानची गाडी करायची असेल तर दोन्हींची सांगड घाला: डबे एचओच्या मापाचे, रूळ एनचा ९ मिलिमीटर. हिशेबाने ७ हवा, पण चालतं. जागा कमी असेल तर मी हेच सुचवीन.