गंजगोलाईतलं रेडियमचं दुकान: पाटील तयार, हाडोळतीकर ऑर्डरवर

लातूरला गंजगोलाईतून फुटणाऱ्या एका रस्त्यावर हे रेडियम आणि नेमप्लेटचं दुकान आहे. दुकानाला नाव आहे, पण सगळे 'रेडियमवाले मामा' एवढंच म्हणतात. स्कूटीवर आडनाव आणि दाराची पाटी, दोन्ही तिथूनच करून घेतलं. काम चांगलं, दर वाजवी, वेळेच्या बाबतीत ढिलाई. तेवढंच हवं असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

मी मात्र रमले ती काउंटरमागच्या रॅकपाशी. आडनावं कापून, पाकिटात घालून, कप्प्याकप्प्यांत तयार. पाटलांना चार कप्पे. मग जाधव, शिंदे, पवार, गायकवाड, कांबळे, सूर्यवंशी, चव्हाण, राठोड, शेख. खालच्या ओळीत बिराजदार, स्वामी, बिरादार. जनगणनेवाले आडनावांचे आकडे काही छापत नाहीत. कोण किती आहे याचा अंदाज घ्यायचा तर हा रॅक वाईट नाही. रेडिमेड 40 रुपये. आमचं हाडोळतीकर अर्थातच ऑर्डरवर, 150.

"लई लांबलचक आहे मॅडम," मामा कॉम्प्युटरवर अक्षरं बसवत म्हणाले. "पाटील लावा की. आधार कार्ड कोण बघलालंय गाडीवर!"

थट्टाच होती, पण गिऱ्हाइकं खरोखर तशी येतात. माझ्या समोर एक पोरगं आलं, पावती एका आडनावाची केली आणि स्टिकर पाटील घेतला. मुलकी पाटीलकी 1962 च्या कायद्यानं गेली, रॅकवरची वाढतच चालली आहे. इतकी की नुसत्या पाटलाला ओळखायला पुढं गाव जोडावं लागतं. आमच्याच जिल्ह्यातले मुख्यमंत्री झालेले शिवाजीराव पाटील निलंगेकर घ्या, लोकसभेचे अध्यक्ष झालेले शिवराज पाटील चाकूरकर घ्या. (निलंगेकर, चाकूरकर रेडिमेड आहेत का, विचारलं. नाहीत.)

रॅक फसवतोही. पवार आणि चव्हाणांची तीच पाकिटं मराठ्यांच्या घरी जातात, बंजाऱ्यांच्या तांड्यावरही जातात. कप्पा भरलेला दिसतो म्हणून ते एक घराणं नव्हे. शेख, सय्यद आमच्याकडं नावाच्या आधी लागतात, म्हणून मामा 'शेख' कापून पुढं कोरी जागा सोडतात. नाव तिथं मागाहून येतं. ही हुशारी मला आवडली.

आमच्या आडनावाची गोष्ट अशी. सासऱ्यांच्या आजोबांचा निजामाच्या काळातला उर्दू कागद घरात आहे. त्यात आडनाव नाहीच: नाव, वल्द (म्हणजे अमक्याचा मुलगा), बापाचं नाव, गाव. पुढं मंडळी लातूरला आली आणि शाळेत मास्तरांनी गावावरून हाडोळतीकर लिहिलं. हाडोळतीला राहिलेले भाऊबंद जाधव. आता दिरांच्या मुलानं राजपत्रात छापून आणून परत जाधव करून घेतलं, कारण इंग्रजीत हाडोळतीकर दहावीच्या सर्टिफिकेटवर एका तऱ्हेनं, पॅनवर दुसऱ्या. आम्हाला दोघी मुली, थोरली आता मोरे. राहता राहिलो आम्ही दोघं नवराबायको आणि धाकटी.

गणित शिकवते म्हणून हे डोक्यात फिरतं. 1873 साली इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी हाच प्रश्न छापून विचारला होता: आडनावं बुडतात ती कशी, किती? हेन्री वॉटसन या पाद्र्यानं गणित मांडून सांगितलं, शेवटी सगळीच बुडणार. तो निष्कर्ष चुकला होता. दर माणसामागं सरासरी मुलगे एकाहून जास्त असले तर काही आडनावं टिकू शकतात. पण त्या गणितात राजपत्र नव्हतं, आमचा पुतण्याही नव्हता. मोठी आडनावं नुसती पोरांमुळं वाढत नाहीत, शेजारची लहान आडनावं त्यांच्यात जाऊन मिसळतात म्हणूनही वाढतात, असं माझं मत आहे. मामांना ते पटलं. त्यांच्या वडिलांच्या वेळी ट्रॉलीवर ब्रशनं गावाचं नाव मोठं आणि आडनाव बारीक लिहायचे, असं त्यांनी सांगितलं.

दाराच्या पाटीचं काम निराळं. हल्ली बरेच जण नवऱ्याचं आणि बायकोचं माहेरचं, दोन्ही आडनावं लावून घेतात म्हणे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर आईचं नाव येतं, पण शेवटी आडनाव बहुधा बापाचंच. मी माझं बिराजदार वर लावून घेतलं. ते रॅकवरून काढून अॅक्रिलिकवर चिकटवलं, त्यामुळं त्याचे वेगळे पैसे पडले नाहीत. हाडोळतीकरचे पडले.

तक्रारी दोनच. संध्याकाळी देतो म्हटलेलं काम दुसऱ्या दिवशी दुपारी मिळालं. आणि स्कूटी धुतल्यावर 'ळ'ची एक गाठ सुटून आली. मामांनी चकार शब्द न काढता पूर्ण आडनाव नव्यानं कापून दिलं, पैसे घेतले नाहीत. सुट्टं 'ळ' लावलं तर रंग जुळत नाही म्हणाले.

एचएसआरपी, म्हणजे सक्तीची हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, आल्यापासून नंबर प्लेटचं काम गेलंय, म्हणून स्टिकरवर जोर आहे. संध्याकाळी क्लासची पोरं गर्दी करतात; ऑर्डरचं काम असेल तर सकाळी जा, आणि आडनाव कागदावर लिहून न्या. पाच पैकी चार.