टोमॅटो टायमर की चपटा? अभ्यासाच्या टेबलावरची पारख

पिळून लावायचा, ६० मिनिटांचा किचन टायमर अभ्यासाच्या टेबलावर येऊन बसला तो फ्रांचेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्यामुळे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्याने टोमॅटोच्या आकाराचा टायमर लावून अभ्यास करायला सुरुवात केली. इटालियनमध्ये टोमॅटो म्हणजे पोमोदोरो, म्हणून पद्धतीचंही तेच नाव पडलं. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, आणि अशा ४ फेऱ्या झाल्या की १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी. (५ मिनिटांत छप्पन दुकान या खाऊगल्लीला जाऊन येता येत नाही, हे इंदूरकरांना सांगायला नको. पोहे मोठ्या सुट्टीत, तेही कोपऱ्यावरचेच.)

फोनमध्ये टायमर फुकट असताना वेगळा कशाला? फोनचा गजर बंद करायला फोन हातात घ्यावा लागतो, आणि घेतला की गजराच्या खालीच घरच्या ग्रुपचे मेसेज रांगेत उभे असतात. ५ मिनिटांची सुट्टी तिथेच २० मिनिटांची होते. हा टायमर ट्रिंग करतो आणि आपला आपण गप्प बसतो, त्याला हातही लावावा लागत नाही. पैसे मोजायचे ते एवढ्यासाठी.

नवा टायमर आणल्यावर पहिली चूक ठरलेली: चकती थेट ५वर नेऊन सोडायची. एवढ्याने स्प्रिंगला पुरेसा पीळ बसत नाही. मग टिकटिक मध्येच थांबते, नाहीतर खूण शून्यावर येते आणि घंटा मुकीच राहते. चकती आधी पार ६०पर्यंत फिरवा, मग उलटी आणून हव्या त्या आकड्यावर सोडा. २५ लावतानाही हीच सवय ठेवा. शून्याच्या पलीकडे मात्र जोर लावू नका.

अचूकतेची फार अपेक्षा नको. ६ सेंमी व्यासाच्या चकतीचा घेर साधारण १९ सेंमी. त्यावर ६० खुणा, म्हणजे एका मिनिटाच्या वाट्याला जेमतेम ३ मिमी. मान जरा तिरकी ठेवून लावला की मिनिट-दोन मिनिटं इकडे तिकडे. २५ मिनिटांत ते कुणाच्या लक्षातही येत नाही. ७ मिनिटांत येतं. इंदूरच्या भंवरकुआँ भागात कोचिंगला जाणाऱ्यांनी हे नीट बघावं. यूपीएससी मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात ३ तासांत २० उत्तरं लिहायची असतात, १० मार्कांची १० आणि १५ मार्कांची १०. छोट्याला ७ आणि मोठ्याला ११ मिनिटं धरली की बरोबर १८० होतात, प्रश्न वाचायला एक मिनिटही उरत नाही. म्हणून सराव ६ आणि १०चा हवा, तेव्हा कुठे २० मिनिटं हाताशी राहतात. या कामाला पिळायचा टायमर नकोच. मिनिटं-सेकंदांची वेगळी बटणं असलेला डिजिटल घ्या.

आता टोमॅटो की चपटा. टोमॅटोचे आकडे त्याच्या कमरेवर छापलेले असतात. घंटाघराचं घड्याळ चारही बाजूंनी दिसतं. याचं तसं नाही, खुर्चीत ताठ बसलं की नुसती हिरवी देठं दिसतात. दुकानात हा दोष वाटतो. पण ज्यांची नजर दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे जाते त्यांना टोमॅटोच बरा, कारण किती उरलं ते दिसतच नाही. चपट्याची चकती समोर दिसते, म्हणून तो घ्यावा ज्यांना उरलेल्या वेळेत काम आवरतं घ्यायचं असतं त्यांनी.

आवाज ही पिळायच्या टायमरची खरी खोड. चपट्याच्या पाठीला चुंबक असतं म्हणून तो हौसेने लोखंडी कपाटाला चिकटवतात, आणि कपाटाचं सबंध दार टिकटिक करायला लागतं. लाकडी टेबलाचंही थोडंफार तेच. जुन्या नॅपकिनची चौपदरी घडी खाली घातली की आवाज बराच दबतो. अभ्यासिकेत किंवा दोघांच्या खोलीत मात्र घडी घालूनही नेऊ नका, शेजारच्याच्या डोक्यात जाईल. तिथे दिवा लुकलुकणारा किंवा थरथरणारा डिजिटल बरा. आकडा वर करून ठेवला की सुरू होणारे चौकोनी ठोकळेही मिळतात, पण त्यांचे आकडे ठरलेले असतात. ५, १५, ३०, ६०चा ठोकळा उचललात तर २५ मिनिटं लावणार कुठे? आधी बाजू वाचा.

घंटा गणिताच्या ऐन मध्यावर वाजली तर पेन्सिलीने पुढची पायरी एका ओळीत लिहा आणि उठा. न लिहिता उठलं की परत आल्यावर पहिली काही मिनिटं 'कुठे होतो' यातच जातात. मधेच 'गॅस बुक करायचा राहिला' असं आठवलं तर शेजारच्या कागदावर टिपून ठेवा, फोन सुट्टीत. खातेवही जुळवण्यासारख्या कामाला २५ अपुरे पडतात, त्याला ५० आणि १० लावा.

इंदूरच्या बर्तन बाजारात किंवा कुठेही घेताना दुकानातच पूर्ण पीळ द्या, २वर आणा आणि तेवढा वेळ उभे राहा. टिकटिक एकसारखी हवी. घंटा खूण शून्यावर असताना वाजायला हवी, आधी किंवा नंतर वाजला तर दुसरा मागा. चुंबक दुकानाच्याच लोखंडी रॅकला लावून पाहा. नुसता चिकटणं पुरेसं नाही, चकती फिरवताना घसरता कामा नये.

आणि स्वयंपाकघरासाठी वेगळा घ्या. नाहीतर कुणीतरी केकसाठी हाच उचलून नेतं, आणि २५ मिनिटं झाल्याचं ओट्याला कळतं, टेबलाला नाही.