सीनियर सिटीझन सांधेदुखी पॅकेज – सुईला पाच स्टार, रिपोर्टला दोन

सासूबाईंसाठी (वय ६८) एका लॅबचं हे पॅकेज घरी बोलावून केलं. रक्त घ्यायला आलेला मुलगा एक नंबर, त्यांची शीर पटकन सापडत नाही तर आधी गरम पाण्याची पिशवी हातावर ठेवायला लावली आणि एका सुईत काम झालं. पण उपाशी कशाला ठेवलं माहितीये? आरए फॅक्टर (आमवाताशी जोडलेली अँटीबॉडी शोधणारी टेस्ट) आणि सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी टेस्ट) यांना उपाशीपोटी असायची गरजच नसते, पॅकेजमध्ये शुगर आणि लिपिड घुसवलंय म्हणून बिचाऱ्या चहाविना बसून.

खरा राग रिपोर्टचा. ईएसआर (हीसुद्धा सूज दाखवणारी टेस्ट) आणि सीआरपी चांगलेच वाढलेले, आरए फॅक्टर निगेटिव्ह, आणि खाली छापील वाक्य की आमवाताची (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) शक्यता कमी. अहो इथे बाईंना सकाळी तासभर खांदे वर होत नाहीत, अंबाडा घालता येईना! रुमॅटॉलॉजिस्ट (सांध्यांचे डॉक्टर) म्हणाले की साठीनंतरचा आमवात बऱ्याचदा असाच अचानक येतो, खांद्यासारखे मोठे सांधे धरतो, आणि अँटीबॉडी निगेटिव्ह असणारे पेशंट या वयात तरुणांपेक्षा जास्त असतात. पॉलिमायल्जिया रुमॅटिका (खांदे-कंबर आखडणारा वेगळा आजार) पण हुबेहूब असाच दिसतो, म्हणून फरक ओळखायला त्यांनी मनगटं दाबून बघितली, सोनोग्राफी केली तर आत सूज निघाली. अँटी-सीसीपी (आमवाताचीच दुसरी अँटीबॉडी टेस्ट) नंतर वेगळे पैसे भरून केली (पॅकेजमध्ये नाहीच!), तीही निगेटिव्ह, तरी औषध आमवाताचंच चालू झालं.

नणंदेचं नेमकं उलटं, ३४ व्या वर्षी बोटांचे सांधे सुजले आणि अँटी-सीसीपी नॉर्मल मर्यादेच्या तिपटीपेक्षा जास्त, आमवात ओळखायच्या २०१० च्या निकषांत त्याचेच ३ पॉइंट मिळतात. कमी वयात सुरू होणाऱ्यांत ही टेस्ट पॉझिटिव्ह यायचं प्रमाण जास्त असतं म्हणे.

आणि गंमत बघा, म्हातारपणी काहीही आजार नसताना आरए फॅक्टर थोडा पॉझिटिव्ह येऊ शकतो, हिपॅटायटिस सी मध्येही येतो. म्हणजे ज्या वयात ही एकटी टेस्ट दोन्ही बाजूंनी फसवते त्याच वयाला 'सीनियर सिटीझन' नाव देऊन हे विकतायत, आणि रिपोर्टवर वय छापलंय पण ते बघून अर्थ लावलाय असं कुठेच दिसत नाही. कस्टमर केअरचं उत्तर, 'मॅडम, ते वाक्य सिस्टिममधून आपोआप येतं.'

घ्यायचंच असेल तर आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी सुट्या बुक करा, चहा पिऊन बसा, आणि त्या छापील वाक्यावर विसंबून डॉक्टरकडे जायचं टाळू नका.