मुलांसाठीचं कॉम्प्रेसर नेब्युलायझर: मशीन दणकट, मास्कचा मात्र एक स्टार कापला

आधीच सांगते, डॉक्टरांनी ज्यांच्या मुलाला घरी नेब्युलायझेशन (मशीनने औषधाचं धुकं करून ते श्वासातून देणं) द्यायला सांगितलंय त्यांच्यासाठीच हा रिव्ह्यू आहे. साध्या सर्दी-खोकल्याला आपल्या मनाने मशीन लावायचं नसतं, ती पाण्याची वाफ नाहीये, त्यातून औषध जातं. आमच्या लेकीची सर्दी दर वेळी छातीत उतरते, रात्री शिट्टी वाजल्यासारखा श्वास सुरू होतो, म्हणून डॉक्टरांनीच घरी एक असू द्या म्हणून सांगितलं आणि आम्ही हे घेतलं. बरेच महिने झाले, पावसाळा-हिवाळा दोन्ही पार पडले, त्यामुळे आता नीट लिहू शकते.

मशीन पिस्टनवालं आहे, म्हणजे आत पंप असतो, तो नळीतून जोरात हवा सोडतो आणि कपातल्या औषधाचं बारीक धुकं होतं. त्या धुक्याचे थेंब साधारण १ ते ५ मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असले तरच ते खाली फुफ्फुसापर्यंत पोचतात, त्याहून मोठे घशातच बसतात, त्यामुळे बॉक्सवर बघायचं तर हे बघा, कार्टूनचा आकार आणि रंग नका बघू. या बाबतीत मशीन एक नंबर, धुकं एकसारखं येतं, ३ मिली औषध दहा मिनिटांच्या आत संपतं आणि इतक्या वापरानंतरही प्रेशर कमी झालेलं नाही.

आवाज आहे. बऱ्यापैकी आहे. लाकडी टेबलावर ठेवलं की टेबलच थरथरतं, म्हणून आम्ही फरशीवर ठेवतो, नळी लांब आहे त्यामुळे मशीन तिकडे आणि लेक माझ्या मांडीवर असं जमतं. गादीवर मात्र ठेवू नका, हवेची भोकं बंद होऊन मशीन तापतं. आवाजाचाच त्रास होत असेल तर मेश नेब्युलायझर (बारीक जाळीतून औषधाचं धुकं करणारं) बघा, ते जवळजवळ आवाज करत नाही आणि बॅटरीवरही चालतं, पण त्याची जाळी फार नाजूक, नीट साफ केली नाही की तुंबते. दुखणाऱ्या पोराच्या घरात रात्री दोनला कोण ती जाळी सांभाळत बसणार, म्हणून मला हे दणकट मशीनच बरं वाटतं.

आता मास्क, आणि इथेच राग आहे. बॉक्सवर मोठ्या अक्षरात लहान मुलांसाठी असं लिहिलंय आणि आतला मास्क चांगला सात-आठ वर्षांच्या मुलाला बसेल एवढा! लेकीच्या नाकाच्या दोन्ही बाजूंनी धुकं सरळ डोळ्यांत जायचं, ती डोळे चोळायची, रडायची. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे वेगळा विकत घ्या. अहो पण मास्क चेहऱ्याला चिकटून बसणं हीच तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे ना! मास्क दोन-तीन सेंटीमीटर जरी लांब धरला तरी औषधाचा बराचसा भाग हवेत जातो, आणि मूल जोरात रडत असेल तरी फुफ्फुसात औषध कमीच पोचतं. म्हणजे झोपलेल्या पोराच्या तोंडासमोर नुसतं धुकं सोडून ठेवलं तर आपल्याला वाटतं दिलं, पण पोटभर औषध हवेलाच मिळतं. शेवटी छोटा, मऊ कडांचा मास्क वेगळा आणला तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आता मास्क ती स्वतः धरते, मी मागून हात लावते, गोष्ट सांगते, गोष्ट संपायच्या आत कप रिकामा.

कप सरळ धरा, फार तिरका झाला की धुकं थांबतं. शेवटी फुर्र फुर्र आवाज यायला लागला की कपावर टिचकी मारायची, थोडं चालू ठेवायचं आणि बंद, थोडं औषध तळाला उरतंच, ते दुसऱ्या वेळेसाठी ठेवायचं नाही. कपात डॉक्टरांनी दिलेलं औषध आणि सलाईनच, नळाचं पाणी, बाम, तेल असलं काही नाही. बुडेसोनाइड (श्वासनळ्यांची सूज कमी करणारं स्टेरॉइड) दिलं असेल तर नंतर चूळ भरायला लावा आणि तोंड पुसा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते.

साफसफाईत हे मॉडेल सोपं आहे, कपाचे तीनच भाग, दर वेळी धुवायचे आणि उघड्यावर पूर्ण कोरडे करायचे. नळी धुवायची नाही, आत ओल दिसली तर कप काढून नुसती नळी लावून मशीन दोन-तीन मिनिटं चालवा, सुकते. कंपनीवाल्यांनी हे मॅन्युअलमध्ये कुठेतरी मधल्या पानावर बारीक अक्षरात टाकलंय, खरं तर पहिल्या पानावर हवं.

एक सांगायचंच आहे, घरात मशीन आहे म्हणून दवाखान्यात जायला उशीर करू नका. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, धापेमुळे बोलता किंवा पिता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेच्या आधीच परत औषध लागत असेल तर थेट हॉस्पिटल. साल्ब्युटामॉल (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) दिल्यानंतर थोडा वेळ छाती धडधडते, हात थरथरतात, ते आम्हाला डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर पहिल्यांदा बघून जीव घाबराघुबरा होतो.

आणि हो, घ्यायच्या आधी डॉक्टरांना पंप (हातात धरायचा इन्हेलर) आणि स्पेसर (त्याला जोडायची पोकळ नळी, तिच्यातून औषध श्वासात घ्यायचं) याबद्दल पण विचारा. दम्याच्या हलक्या-मध्यम त्रासात मास्क लावलेला स्पेसर नीट वापरला तर नेब्युलायझरइतकंच काम करतो, वीज लागत नाही आणि प्रवासात पिशवीत मावतो. आमच्याकडे आता दोन्ही आहेत, बाहेर स्पेसर, घरी मशीन.

५ पैकी ४ स्टार. मॉडेल फायनल करताना तुमच्या मुलाच्या वयाचा मास्क, कप आणि फिल्टर सुटे मिळतात का ते आधी विचारून घ्या, फिल्टर राखाडी पडला की बदलावाच लागतो.