हरिपूरला रूम घेताय? आधी जिन्यातली भिंत बघा

सांगलीत बदली होऊन आलेले लोक रूम बघायची म्हटलं की विश्रामबागच्या पुढं जातच नाहीत. मी हरिपुरात भाड्यानं राहतोय आणि माझं मत असं की राहायला एक नंबर, फक्त तळमजला फुकट दिला तरी घेऊ नका.

आधी चांगलं सांगतो. बागेतल्या गणपतीवरनं हरिपूरकडं निघालं की रस्त्याला जुनी चिंचेची झाडं, एप्रिलात पण गाडीवर डोकं तापत नाही. पुढं कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, संध्याकाळी घाटावर निवांत बसायचं. नाटककार गोविंद बल्लाळ देवल इथलेच, त्यामुळं गावातले आजोबा नाटकावर बोलायला लागले की तासभर सुटका नाही (मला चालतं, तुमचं तुम्ही बघा). कोथळीचा पूल झाल्यापासनं जयसिंगपूरकडं जाणाऱ्यांची पण सोय झालीय. श्रावणी सोमवारी मात्र गाडी लावायला जागा शोधत बसा. आणि पोहायची हौस घाटावर भागवू नका, कृष्णेत मगरी आहेत, गंमत नाही.

आता पाणी. सांगलीत कृष्णेची पातळी मोजतात त्या आयर्विन पुलाला ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट धोका, आणि २०१९ ला ते ५७ च्या वर गेलं होतं, २०२१ ला परत पूर. रूम बघताना एक घरमालक म्हणाले, "इथं पाणी येत नाही हो", आणि जिन्यात बघतो तर नव्या पांढऱ्या रंगाच्या आतनं छातीएवढ्या उंचीवर तपकिरी रेघ सरळ दिसतेय. शेजारच्या काकूंना विचारलं तर त्या हसून म्हणाल्या, "आमचा फ्रीज तरंगत होता की!" त्यामुळं एजंटला काय विचारायचं ते विचारा, पण पाणी कुठवर आलतं हे शेजाऱ्यांनाच विचारा.

प्लॉट घेणाऱ्यांनी अजून एक बघावं, ते म्हणजे पेवं. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासनं इथं जमिनीत खोल खड्डे करून हळद साठवायचे, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आत हवा कोंदते म्हणून पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही, बराच वेळ उघडं ठेवतात. २००५ च्या पुरात पाणी शिरून बरीच पेवं खराब झाली, काही ठिकाणी जमीन खचली. तर खाली जुनं पेव आहे का हे गावातल्या जुन्या माणसाला विचारल्याशिवाय टोकन देऊ नका, कागदावर ते कुठं दिसणार.

बाकी वरचा मजला घ्या, जुलैत गाडी कुठं हलवायची ते आधीच ठरवून ठेवा, मग काय टेन्शन नाही. पाचपैकी चार स्टार, एक कापलाय तो डासांचा.