ला क्रेसेंट की इटास्का?
दोन्ही पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांच्या जाती, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या. ला क्रेसेंट २००२ची, इटास्का २०१७ची. उणे तीस अंशांच्या आसपासची थंडीही दोघी सोसतात.

फरक पेल्यात कळतो. ला क्रेसेंटला जर्दाळू, लिंबू आणि मस्कत द्राक्षाचा घमघमाट. पण आम्लता इतकी की आंबवताना थोडी साखर मागे ठेवल्याशिवाय वाइन जिभेला झोंबते. गोडसर वाइनसाठी मात्र हीच आम्लता कामाची. इटास्काची आम्लता कमी, म्हणून कोरडी, म्हणजे साखर न उरलेली वाइन सहज जमते. वास नाशपतीचा, जरा संयमी.

वेलीचं पाहाल तर ला क्रेसेंटला केवडा हा बुरशीरोग लवकर धरतो (नाशिककरांना हे दुखणं सांगायला नको), पिकल्यावर मणीही गळतात. इटास्का भुरी-केवड्याला बरीच दाद देत नाही. लावायची झाली तर मी इटास्का लावेन, प्यायला ला क्रेसेंट.